२४ व्होल्ट जातो कुठे? पॅनलच्या धंद्यात नव्याने आलेल्यांसाठी स्मार्ट पॉवर सप्लाय

रबाळ्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या शॉपवर दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर दोन-तीन नवी पोरं येतात. कोणी आयटीआय केलेलं, कोणी डिप्लोमा. ड्रॉइंग वाचता येतं, कॉन्टॅक्टर-ओव्हरलोड कळतं, पीएलसीचं (मशीन चालवणारा छोटा कंप्युटर) तर भारीच आकर्षण. पण डिन रेलच्या (उपकरणं अडकवायच्या पट्टीच्या) एका टोकाला बसलेल्या एसएमपीएसकडे, म्हणजे २३० व्होल्ट एसीचे २४ व्होल्ट डीसी करणाऱ्या पॉवर सप्लायकडे, कोणी ढुंकून बघत नाही. '२३० द्यायचा, २४ घ्यायचा, त्यात काय?' सुरुवातीची काही वर्षं मलाही असंच वाटायचं.

मग तुर्भ्याची एक पॅकिंग लाइन गळ्यात पडली. मशीन दिवसातून दोन-तीनदा आपोआप थांबायचं आणि मिनिटाभरात पीएलसी पुन्हा रनमध्ये. एकही एमसीबी (जादा करंटला पडणारा स्विच) पडलेली नाही, कुठे जळाल्याचा वास नाही. आम्ही प्रोग्राम तपासला, पीएलसी बदलला, अर्थिंगला शिव्या घातल्या. त्या कारखान्याला शुक्रवारची सुट्टी, त्यामुळे आमचे लागोपाठ तीन शुक्रवार तिथेच गेले. शेवटी सापडलं ते असं: एका सोलेनॉइड व्हॉल्व्हची (कॉइलने उघडबंद होणाऱ्या झडपेची) केबल हलत्या आर्मवर घासून सोलली होती आणि अधूनमधून फ्रेमला टेकत होती. टेकली की क्षणभर शॉर्ट. एसएमपीएस स्वतःला वाचवायला व्होल्टेज पाडायचा, पीएलसी उपाशी मरायचा, केबल सुटली की सगळं पूर्ववत. सहा अँपिअरची एमसीबी मात्र जागची हलली नव्हती.

ती का हलली नाही, हे ज्याला नीट कळलं त्याला स्मार्ट पॉवर सप्लाय कशासाठी असतो हेही कळलं. तिथे येऊच, पण क्रमाने.

आधी 'स्मार्ट' म्हणजे काय ते

साधा एसएमपीएस येणारा एसी सरळ करून मोठ्या कॅपॅसिटरमध्ये साठवतो. २३० व्होल्ट एसीचे तिथे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात. ते सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून खाली आणायचे आणि पुन्हा सरळ करून २४ व्होल्ट द्यायचे. लाइट बंद केल्यावरही तो कॅपॅसिटर काही वेळ भरलेला राहतो, म्हणून डबा उघडून आत स्क्रू ड्रायव्हर घालण्याचा शहाणपणा कोणी करू नये.

बाजारात 'स्मार्ट' हा शब्द फार सैल वापरतात. लोहार चाळीत एखादा दुकानदार दोन एलईडी असलेल्या डब्यालाही स्मार्ट म्हणून मोकळा होईल. मी तीन पातळ्या मानतो. पहिल्या पातळीवर सप्लाय फक्त 'मी ठीक आहे' एवढं सांगतो, 'डीसी ओके' नावाच्या रिलेच्या कॉन्टॅक्टमधून. दुसऱ्या पातळीवर तो २४ व्होल्टच्या वेगवेगळ्या शाखा करतो, प्रत्येकीवर स्वतंत्र नजर ठेवतो आणि बिघडलेली तेवढीच शाखा तोडतो. हे काम सप्लायच्या आतच होतं किंवा शेजारी लावलेल्या इलेक्ट्रॉनिक सर्किट ब्रेकर मॉड्यूलमध्ये. तिसऱ्या पातळीवर करंट, व्होल्टेज, तापमान, चाललेले तास ही सगळी माहिती प्रोफिनेट, इथरनेट/आयपी, मॉडबस किंवा आयओ-लिंक अशा डेटा जोडणीवरून पीएलसीला मिळते. सीमेन्सचा सिटॉप पीएसयू८६०० हा या तिसऱ्या जातीतला. फिनिक्स कॉन्टॅक्टच्या क्विंट ४ मध्ये सिग्नलच्या मर्यादा मोबाइल जवळ धरून एनएफसीने बदलता येतात.

माझं स्पष्ट मत आधीच सांगतो: दहापैकी आठ पॅनलना दुसरी पातळी पुरते. तिसरीचे पैसे तेव्हाच घालावेत, जेव्हा येणारी माहिती बघायला कारखान्यात कोणीतरी आहे.

पहिली पायरी: कागदावर अँपिअर मोजा

'आपण नेहमी पाचचा लावतो' हे उत्तर चालणार नाही. छोट्या मशीनचा हिशेब असा मांडतात. पीएलसी आणि त्याची कार्ड्स ०.८ अँपिअर, सात इंची एचएमआय (ऑपरेटरचा स्क्रीन) ०.५, इथरनेट स्विच ०.२. वीस सेन्सर, प्रत्येकी २० मिलिअँपिअर धरून ०.४. आठ सोलेनॉइड, प्रत्येकी ५ वॅट, म्हणजे साधारण ०.२ अँपिअर, एकूण १.६. सोळा इंटरफेस रिले मिळून ०.१६. टॉवर लॅम्प ०.१५. बेरीज ३.८१.

आता कोणी म्हणेल, पाच अँपिअरचा बसतो की! कागदावर बसतो, पॅनलमध्ये बसत नाही. एकतर कस्टमर सहा महिन्यांनी दोन व्हॉल्व्ह आणि एक कॅमेरा वाढवणार, हे ठरलेलंच असतं. म्हणून मी बेरजेवर ३० टक्के चढवतो. इथे ते ४.९५ होतात, म्हणजे पाचचा काठोकाठ भरला. दुसरं कारण उष्णता.

दुसरी पायरी: पॅनलच्या आतला उन्हाळा

डब्यावर ५ अँपिअर लिहिलेलं असतं, पण ते ठरावीक तापमानापर्यंतच. डेटाशीटच्या मागच्या पानांवर डीरेटिंगचा (तापमानानुसार क्षमता किती उतरते त्याचा) आलेख असतो आणि नवीन माणूस नेमकं तेच पान उलटत नाही. बऱ्याच मॉडेलमध्ये ५० किंवा ६० अंशांनंतर दर अंशाला सुमारे अडीच टक्के क्षमता उतरते. ५० पासून उतरायला लागणारा ५ अँपिअरचा सप्लाय ६० अंशांत ३.७५ चाच राहतो. आपली बेरीज ३.८१ होती. म्हणजे मे महिन्यात तळोज्याच्या एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये, ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारा डबा) शेजारी असलेल्या बंद पॅनलमध्ये हा सप्लाय रोज दुपारी दम टाकणार. इथे पुढचा आकार घ्यायचा, १० अँपिअरचा.

आकार वाढवताना एफिशियन्सीही बघा. २४० वॅटचा सप्लाय पूर्ण लोडवर ९४ टक्क्यांचा असेल तर तो पॅनलमध्ये सुमारे १५ वॅट उष्णता सोडतो, ८८ टक्क्यांचा असेल तर जवळजवळ ३३. दुप्पटीहून जास्त! आणि ती उष्णता आधी त्याच्याच पोटातल्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरना भाजते. त्यांच्याबाबतीत जुना अंगठ्याचा नियम असा की तापमान दहा अंश वाढलं की आयुष्य निम्मं होतं. स्वस्त सप्लायने वाचवलेले हजार-दीड हजार रुपये तिसऱ्या वर्षी असे वसूल होतात.

बसवताना सप्लाय उभाच बसवायचा, वर-खाली डेटाशीटने मागितलेली मोकळी जागा ठेवायची. ती बहुतेक वेळा ४० ते ५० मिलिमीटर असते. पीव्हीसी चॅनल अगदी खेटून घेतला की हवा अडते. ड्राइव्हच्या डोक्यावर सप्लाय कधीच नको.

खाडीकाठची दमट हवा आणि आसपासचे केमिकल प्लांट या दोन गोष्टी आपल्या भागात विसरून चालत नाही. महापे, पवणे, तळोजा अशा ठिकाणी जाणाऱ्या पॅनलसाठी पीसीबीवर कन्फॉर्मल कोटिंग (ओलावा रोखणारा थर) असलेलं मॉडेल मागा आणि पॅनलमध्ये थर्मोस्टॅटवाला स्पेस हीटर द्या. नाहीतर जुलैत सुट्टीनंतर पॅनल उघडलं की आत दव साचलेलं दिसतं.

तिसरी पायरी: २३० ची बाजू

इथलं काम लायसन्सवाल्या माणसाच्या देखरेखीखालीच करायचं. नव्या पोरांनी एकट्याने हात घालायचा नाही.

सप्लाय चालू होताना आतले कॅपॅसिटर एका झटक्यात भरतात. तेव्हा काही मिलिसेकंद ३० ते ५० अँपिअर ओढले जाऊ शकतात. म्हणून इनपुटला लवकर पडणारी बी कर्व्ह टाळा, थोडा जास्त झटका सोसणारी सी कर्व्हची एमसीबी लावा, आणि एका एमसीबीवर चार-पाच सप्लाय लटकवू नका. 'लाइट जाऊन आली की मशीन चालू होत नाही, कोणीतरी एमसीबी उचलायला लागते' अशी तक्रार आली की आधी इथे बघायचं. सगळे सप्लाय एकाच क्षणी भरायला धावतात आणि एमसीबी पडते.

न्यूट्रल सुटणं हा आपला जुना शत्रू. थ्री फेजमध्ये न्यूट्रल तुटला की एखाद्या फेजवर २३० च्या जागी ३०० च्या वर व्होल्टेज चढू शकतं, आणि २६४ पर्यंतच झेपणारा सप्लाय जातो. याला दोन उपाय आहेत. एक म्हणजे ४१५/२३० चा कंट्रोल ट्रान्सफॉर्मर, दोन फेजवर जोडलेला, न्यूट्रलची भानगडच नाही. दुसरा म्हणजे मोठ्या पॅनलमध्ये थ्री फेज इनपुटचा सप्लाय. अशी बरीच मॉडेल एक फेज गेला तरी चालत राहतात, पण किती लोडवर, ते डेटाशीटमध्ये वाचून घ्या. विजांच्या दिवसांसाठी इनकमरला (पॅनलच्या मुख्य स्विचला) सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस हवंच.

लाइटचा छोटा झटका सोसायची सप्लायची ताकद म्हणजे होल्ड-अप टाइम. पूर्ण लोडवर तो साधारण २० मिलिसेकंद असतो, म्हणजे ५० हर्ट्झचं एक आवर्तन. निम्म्या लोडवर चालवला तर जवळपास दुप्पट. थोडा मोठा सप्लाय घेण्याचं हेही एक कारण.

चौथी पायरी: शाखा पाडा, सगळ्यात जास्त डोकं इथे लावा

आता तुर्भ्याची ती न हललेली एमसीबी.

सी कर्व्हची एमसीबी तत्काळ पडायला एसीवर रेटिंगच्या ५ ते १० पट करंट लागतो. डीसीवर तो आकडा आणखी सुमारे १.४ पटीने वाढतो. ६ अँपिअरची सी कर्व्ह एमसीबी डीसीवर झटक्यात पडेलच याची खात्री हवी तर ६ गुणिले १० गुणिले १.४, म्हणजे ८४ अँपिअर लागतील. आपला १० अँपिअरचा सप्लाय शॉर्टमध्ये फार तर १५ अँपिअर देतो आणि मग व्होल्टेज पाडतो. ८४ कुठे आणि १५ कुठे! एमसीबीला शॉर्ट झाल्याचा पत्ताच लागत नाही. तोवर सगळ्या पॅनलचा २४ व्होल्ट खाली बसलेला असतो. चूक एका व्हॉल्व्हच्या केबलची आणि मार खातो पीएलसी.

यात वायरही आपला हात धुऊन घेते. १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, ५० मीटर अंतर, जाऊन-येऊन १०० मीटर. तिचा रेझिस्टन्स १.७ ओहमच्या आसपास. टोकाला पक्का शॉर्ट झाला तरी २४ व्होल्टवर १४ अँपिअरच वाहू शकतात, मग सप्लाय चाळीस अँपिअरचा का असेना. म्हणजे 'मोठा सप्लाय लावला की एमसीबी पडेल' हा युक्तिवाद लांब केबलवर टिकत नाही.

मोठ्या सप्लायचा उलटा धोकाही आहे. ५ अँपिअरचा सप्लाय स्वतःला सांभाळताना बारीक वायरलाही वाचवतो. ४० अँपिअरवाला मात्र अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये एवढा करंट ढकलत राहू शकतो की इन्सुलेशन वितळेल. सप्लाय मोठा होत गेला की शाखेचं संरक्षण हा ऐच्छिक विषय राहत नाही.

यावर तीन मार्ग आहेत.

सगळ्यात स्वस्त मार्ग कोणी सांगत नाही, कारण त्यात विकण्यासारखं काही नाही. दोन साधे सप्लाय लावा. एक पीएलसी, एचएमआय आणि स्विचसाठी, दुसरा फील्डमधल्या सेन्सर-व्हॉल्व्हसाठी, दोघांचा शून्य व्होल्ट एकत्र जोडून. व्हॉल्व्हची केबल शॉर्ट झाली तर दुसरा बसेल, पण पीएलसी जिवंत राहील आणि काय झालं ते सांगू शकेल. छोट्या मशीनला मी आजही हेच सुचवतो.

दुसरा मार्ग म्हणजे जादा झटका देणारा सप्लाय. फिनिक्सच्या एसएफबी तंत्रात सप्लाय १५ मिलिसेकंदांपुरता रेटिंगच्या सहापट करंट सोडतो, म्हणजे एमसीबीला हवा तो धक्का मिळतो. पण एमसीबीचं रेटिंग आणि केबलची लांबी या दोन्हींच्या मर्यादा पाळाव्या लागतात. उत्पादकाचा तक्ता समोर ठेवल्याशिवाय या भरवशावर राहू नका.

तिसरा मार्ग इलेक्ट्रॉनिक सर्किट ब्रेकर. चार किंवा आठ चॅनल, प्रत्येकाचा करंट १, २, ४, ६ असा सेट करता येतो. हा एमसीबीसारखा मोठ्या करंटची वाट बघत बसत नाही. शॉर्ट झाला की करंट जागच्या जागी दाबतो आणि काही मिलिसेकंदांत तेवढा चॅनल तोडतो. बाकीच्या चॅनलचा २४ व्होल्ट हलतही नाही. शिवाय चॅनल एकामागून एक चालू करतो, त्यामुळे सुरुवातीचा ताण कमी होतो. सीमेन्सचा पीएसई२००यू, मुर इलेक्ट्रॉनिकचा मायको, ई-टी-एचा ईएसएक्स१० ही या कुळातली ओळखीची नावं.

चॅनल वाटताना माझा एकच हट्ट असतो: ज्या वायरी पॅनलच्या बाहेर जातात त्या पीएलसीच्या चॅनलवर नकोत. वरच्या उदाहरणात चॅनल १ वर पीएलसी, एचएमआय, स्विच. २ वर सेन्सर. ३ वर व्हॉल्व्ह. ४ वर टॉवर लॅम्प आणि उरलंसुरलं. व्हॉल्व्हचा हिशेब १.६ अँपिअर, म्हणून चॅनल २ अँपिअरवर. उगाच ६ वर ठेवला तर बारीक वायरला संरक्षण कुठलं? फार घट्टही नको. एचएमआयच्या पोटातले कॅपॅसिटर भरताना चॅनल पहिल्याच झटक्याला पडेल.

पाचवी पायरी: वायर

पॅनलमध्ये मोजलेला २४ व्होल्ट मशीनच्या टोकाला २४ असेलच असं नाही. वरच्याच १.७ ओहमच्या केबलवर २ अँपिअर घ्या. ३.४ व्होल्ट वाटेत गेले, टोकाला उरले २०.६. पीएलसीसारख्या उपकरणांसाठी आयईसी ६११३१-२ मध्ये २४ व्होल्टची खालची मर्यादा उणे १५ टक्के, म्हणजे २०.४ आहे. अगदी काठावर. थोडी लूज टर्मिनल आली की गेलंच. इथे वायर जाड करा, १.५ किंवा २.५ घ्या. सप्लायचा स्क्रू फिरवून आउटपुट २५ पर्यंत नेणं हा शेवटचा उपाय, कारण जवळच्या उपकरणांना ते जास्तीचं व्होल्टेज फुकट सोसावं लागतं.

बहुतार वायरला पिन लग मारल्याशिवाय टर्मिनलमध्ये घालायची नाही. नव्यांचा एक गोंधळ इथेच दूर करतो: परदेशी मॅन्युअलमध्ये फेरूल म्हणतात ते आपलं लग. आपल्याकडे फेरूल म्हणजे वायर नंबरची नळी. ड्रॉइंगवर 'फेरूल करा' असं असेल तर नंबर घालायचा आहे. रंगाबाबत आयईसी ६०२०४-१ डीसी कंट्रोल सर्किटला निळा सुचवतं, पण कस्टमरच्या स्पेसिफिकेशनमध्ये वेगळं असलं तर तेच चालतं. वाद घालू नका, विचारून लेखी घ्या.

सहावी पायरी: शून्य व्होल्टचं अर्थिंग

शून्य व्होल्ट एकाच ठिकाणी, सप्लायजवळ, अर्थ बारला जोडायचा आणि ती लिंक काढता येईल अशी ठेवायची. कारण सांगतो. शून्य तरंगता ठेवला आणि प्लसची वायर फ्रेमला टेकली तर काहीच होत नाही, कोणाला कळतही नाही. मग दुसऱ्या ठिकाणी दुसरी वायर टेकते आणि दोन्ही मिळून एखादा व्हॉल्व्ह आपोआप उचलू शकतात. मशीन कोणी न सांगता हलणं याहून वाईट काही नसतं. शून्य अर्थला असेल तर पहिल्याच स्पर्शाला शॉर्ट होतो आणि शाखा पडते. तुर्भ्याला अर्थिंग बरोबरच होतं, शिव्या आम्ही उगाच घातल्या. शाखा पाडणारं काही नव्हतं, एवढंच.

सातवी पायरी: सप्लाय बोलतोय ते ऐका

डीसी ओकेचा कॉन्टॅक्ट पीएलसीच्या एका डिजिटल इनपुटला जोडा. दोन वायरींचं काम. तरी आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बहुतेक पॅनलमध्ये ही दोन टर्मिनल कोरी दिसतात. पैसे भरलेत, मग वापरा की! हा सिग्नल साधारणपणे आउटपुट ९० टक्क्यांच्या खाली, म्हणजे २१.६ व्होल्टखाली गेला की सुटतो. इलेक्ट्रॉनिक ब्रेकरचा ट्रिप सिग्नलही असाच घ्या.

नेटवर्कवाला सप्लाय असेल तर उत्पादकाच्या साइटवरून प्रोफिनेटसाठी जीएसडीएमएल, इथरनेट/आयपीसाठी ईडीएस ही उपकरणाचं वर्णन असलेली फाइल उतरवून प्रोग्रामिंग सॉफ्टवेअरमध्ये घाला. आयपी पत्ता ड्रॉइंगवर लिहा. वेब पेज असेल तर कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्या दिवशी बदला.

एचएमआयवरचा अलार्म माणसाच्या भाषेत लिहा. 'चॅनल ३ एरर' वाचून रात्रपाळीचा ऑपरेटर काय करणार? 'व्हॉल्व्हची लाइन तुटली, कन्व्हेयरजवळची केबल बघा' असं लिहिलं तर तो बघतो.

प्रत्येक चॅनलचा रोजचा करंट साठवा. इथे स्मार्टपणाचा खरा पैसा वसूल होतो. व्हॉल्व्हचा चॅनल नेहमी १.६ दाखवतो आणि हळूहळू १.९ वर आला तर एखाद्या कॉइलमध्ये पाणी गेलं असेल. १.४ वर उतरला तर एक कॉइल तुटली. कमी झालेला करंटही बातमीच असते, पण लोक फक्त वाढलेला बघतात. चेतावणी नेहमीच्या करंटपेक्षा थोडी वर ठेवा. काही मॉडेल इनपुटचे डिपही (व्होल्टेज क्षणभर पडणं) मोजून ठेवतात. 'तुमचं मशीन खराब' विरुद्ध 'तुमची लाइट खराब' हा वाद त्या आकड्याने दोन मिनिटांत मिटतो.

नेटवर्कवरून चॅनल चालू-बंद करता येतो, तिथे दोन खबरदाऱ्या. ज्या चॅनलवर पीएलसी स्वतः जगतो तो पीएलसीकडून बंद होईल असं ठेवू नका. एकदा बंद केला की चालू कोण करणार? आणि हे बटण इमर्जन्सी स्टॉपच्या जागी कधीही वापरायचं नाही. इमर्जन्सी स्टॉप सेफ्टी रिलेतून, वायरींनीच.

दोन सप्लाय, बॅटरी

जिथे थांबणं परवडत नाही तिथे दोन सप्लाय आणि मध्ये रिडंडन्सी मॉड्यूल, म्हणजे एक बिघडला तरी दुसरा लोड सांभाळेल. नुसते दोन आउटपुट एकत्र पिळू नका. एक आतून शॉर्ट झाला तर दुसऱ्यालाही खाली ओढेल. डायोडचं मॉड्यूल स्वस्त, पण अर्धा व्होल्ट खातं, २० अँपिअरला १० वॅट उष्णता. मॉस्फेटचं महाग आणि थंड. प्रत्येक सप्लाय एकट्याने पूर्ण लोड पेलेल एवढा हवा, आणि दोघांचे डीसी ओके वेगवेगळे जोडा. नाहीतर एक मेल्याचं दुसरा मरेपर्यंत कळत नाही. बॅटरीवाला डीसी यूपीएस लावला तर बॅटरी पॅनलच्या तळाशी, थंड जागी.

आठवी पायरी: शॉपमधून सोडण्याआधी मुद्दाम शॉर्ट करा

हे वाचून नवी पोरं घाबरतात. पण पॅनल साइटवर शॉर्ट होणारच आहे, मग आपल्या डोळ्यांसमोर झालेला बरा. फक्त २४ व्होल्टच्या बाजूला, आणि सिनिअर शेजारी उभा असताना. साइटवर जेवढी लांब केबल असेल तेवढ्या वायरचं भेंडोळं घ्या, पीएलसी रनमध्ये ठेवा, भेंडोळ्याच्या टोकाला प्लस-मायनस टेकवा. तोच चॅनल पडला का, पीएलसी रनमध्ये राहिला का, एचएमआयवर योग्य ओळ आली का, हे तिन्ही प्रत्येक चॅनलसाठी बघा. मग सगळे व्हॉल्व्ह एकदम उचलून शेवटच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा.

करंट मोजताना साधा एसीचा टाँग टेस्टर (वायरभोवती अडकवायचं मीटर) डीसीवर शून्य दाखवतो. दरवर्षी एक तरी पोरगा 'सर, करंटच नाही' म्हणत येतो. डीसीवाला टाँग टेस्टर लागतो, मोजण्याआधी त्याचं झीरो बटण दाबायचं. आणि मेगर (इन्सुलेशन तपासणारं मीटर) मारण्याआधी एसएमपीएस, पीएलसी, ब्रेकर मॉड्यूल सगळे सोडवून ठेवा. ५०० व्होल्टचा मेगर २४ व्होल्टच्या कार्डवर गेला की पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही.

शेवटी दाराच्या आतल्या बाजूला छापील स्टिकर लावा: चॅनल क्रमांक, त्यावर काय आहे, किती अँपिअरवर सेट केलाय, टेस्टच्या दिवशी किती वाहत होता आणि तारीख. मार्करने लिहू नका, तेलाच्या हाताने वर्षभरात पुसून जातं. स्टिकरचा एक फोटो मोबाइलमध्ये ठेवा. साइटवरून रात्री दोनला फोन येतो तेव्हा 'तीन नंबरचा दिवा लाल आहे' एवढंच समोरचा सांगू शकतो.